पहाटेची ओळ

"आधी बूट काढा!"

तिचे त्याच्याशी पहिले शब्द हे, आणि तेही काचेपलीकडून, माइकवर. नेहमीच्या वाचकाचा घसा बसला म्हणून हा ऐनवेळी धावत आला होता, आणि त्याचे बूट असे कुरकुरत होते की विचारू नका! त्याने मुकाट्याने ते काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता. तिने हसू दाबलं... पण दाबलेलं हसू काचेतूनही दिसतंच.

मामाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण तिच्याकडे असे. श्वासाचा आवाजही तिला खपत नसे. मामा तिला 'कानसेन' म्हणायचा. काम होतं एका प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या इंग्रजी पद्यानुवादाचं. त्यात पहाट झाली की दरवेळी तीच एक ओळ यायची.

"ही ओळ मागे मुद्रित केलेलीच चिकटवते. तुम्ही पुढे चला."

"छे हो! पहाट कधी शिळी असते का?"

"ओळ तर तीच आहे!"

"चहाही रोज तोच असतो. म्हणून कालचा पिता?"

तिने ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू केलं. मग ती ओळ आली की तो हमखास मान वर करून काचेकडे बघायचा, आणि ती उगाच बटणांशी चाळा करत बसायची.

शेवटच्या दिवशी वाचन संपलं. तो बाहेर बूट घालत होता. उद्यापासून येणार नव्हता. आवाज जुळतोय ना, हे तपासायला तिने सगळ्या पहाटा एकापाठोपाठ लावल्या. पहिली बिचकलेली. मग मोकळी, मग चक्क खुशीत... आणि मध्येच एक अगदी मरगळलेली! ती तापाने घरी होती आणि मामा यंत्रावर बसला होता, त्या दिवसाची. आणि ती परतली त्या दिवसाची — अहाहा! लख्ख उजाडलं होतं.

ती दाराकडे धावली.

"थांबा! एक पहाट पुन्हा घ्यायचीय."

"कुठली?"

"मामा बसले होते ती. त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं हो?"

त्याचे कान लाल झाले. "त्यांनी काही नाही... तुम्ही नव्हतात. उजाडतच नव्हतं — मी तरी काय करू?"

"मग बघा, आता उजाडतंय का."

बूट काढा म्हणायचं ती पहिल्यांदाच विसरली. त्याने ओळ सुरू केली, पुस्तकात न बघता, आणि म्हणता म्हणता काचेपर्यंत चालत आला. तिला इतका आनंद झाला की डोळेच भरले.

संध्याकाळी मामा ऐकायला बसला. "अगं कानसेन, मागे बूट कुरकुरताहेत! दुसरी पहाट चिकटव की."

"नाही मामा, हीच राहणार," ती म्हणाली. "आणि बूटवालाही."