डावा हात

चौसष्ट सालच्या एप्रिलात, भर दुपारी, मी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला गेले. विरजण घरात होतं. पण डोमाजींच्या लेकीच्या, पुष्पलतेच्या ड्रमच्या सरावाचा आवाज आज वेगळा येत होता, आणि कारण कळल्याशिवाय मला जेवण गोड लागलं नसतं. माझा स्वभावच तसा, सगळ्या बालाघाटला ठाऊक आहे.

डोमाजी भरवेलीच्या खाणीत जायचे, त्यांची बायको शेवंताबाई बिड्या वळायला. घरी पोर एकटी. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे तिचा ड्रम वाजणार होता. आमच्या वार्डात पोरीच्या गळ्यात ड्रम पहिल्यांदाच. पोलीस बँडातून रिटायर झालेले टिकाराम मास्तर शिकवत. साधी चाल, सलग कडकडणारा रोल, सगळं तिनं घेतलं, पण फ्लॅमपाशी अडली होती. फ्लॅम म्हणजे एका हाताची बारीक टिचकी आधी, आणि तिला चिकटूनच दुसऱ्या हाताचा मोठा ठोका. दोन मिळून एकच जाड ठोका ऐकू यायला पाहिजे. टिचकी मारायचा तिचा डावा हात दर वेळी उशिरा पडायचा.

आज मात्र कुडाच्या भिंतीपलीकडून साफ येत होतं. ट-डम्. ट-डम्.

"आला वो बाई तुले फ्लॅम!" मी दारातूनच म्हटलं.

पुष्पलता पाटावर ट्यूबचं रबर ताणून त्यावर सराव करत होती. तिनं वर पाहिलं नाही. उजव्या हाताची स्टिक पडत होती. ट-डम्.

डावा हात मांडीवर होता. रिकामा.

"काकू... तुमाले बी ऐकू येऊन राह्यलं?"

"हौ." मी भिंतीला कान लावून पाहिला. "भिंतीचा घुमारा असंल, पोरी."

"घुमारा मागून येते, काकू. हे आधी येते."

खरंच आधी येत होतं. कोरडं, लाकडी, दगडावर काठी टेकावी तसं. आणि खुंटीला टांगलेल्या खऱ्या ड्रमच्या खालच्या तारा, कोणी हात न लावता, झिर्र करत होत्या. जवळपास दुसरं वाद्य वाजलं की त्या अशा बोलतात, मास्तरांनीच सांगितलं होतं. दुसरं वाद्य कुठं होतं? गल्लीत कुत्रंही नव्हतं. फक्त गुलाबाच्या शिळ्या अत्तराचा वास आला, आणि गेला.

संध्याकाळी डोमाजी आले. मी सगळं सांगितलं तसे ते पायरीवरच बसले.

"मालगुजाराची काठी आहे थे, वयनी."

मालगुजार म्हणजे इथला जुना जमीनदार; आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याची हवेली आहे, कुलूप घातलेली. तो जिवंत असताना बाहेर निघाला की डोमाजींच्या बापानं, महागूनं, पुढे डफडं वाजवत चालायचं. म्हणजे ओट्यावरची माणसं उठून उभी राहत, पायातलं काढून ठेवत. ताल महागूचा नव्हता. काठी टेकेल तसा.

"आधी काठी, मंग बाबाची थाप," डोमाजी म्हणाले. "मरायच्या येळी बाबाले भान नव्हतं, तरी खाटेवर हात पडत होते. धम्माची दीक्षा घेतली अन् म्या थे डफडं वैनगंगेत फेकलं. पुढच्याच उन्हाळ्यात मालगुजार मेला. मरताना म्हने, डफड्याबिगर म्या उंबरठा वलांडत नसतो. पन पुढं वाजवाले कोनी गेलं नाई."

"मंग गेला कसा?"

"गेलाच नसंल."

ते आत गेले, ड्रम खुंटीवरून काढला. "उद्या मास्तरले वापस देऊन येतो."

दुसऱ्या दिवशी खाणीची पाळी होती म्हणून ड्रम राहिला. आणि दुपारी मी खिडकीतून पाहते तर पुष्पलता उन्हात अनवाणी चाललेली. डांबर वितळत होतं. ड्रम घरीच, उजव्या हातातली स्टिक हवेत पडत होती, आणि तोंड हवेलीकडे. मी पदर न सावरता धावले, तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. ती सावकाश जागी झाली.

"म्या नाई आली, काकू. पाय आले."

त्या रात्री जेवताना बाप-लेकीचं जुंपलं. मी लोणचं द्यायच्या निमित्तानं तिथंच होते.

"सोड थे वाजवनं. उद्या तुले घेऊन जाईल थो."

"अन् सोडलं तं काय होईल, बाबा? आजानं जिता होता तवर वाजवलं. आता मेलेल्याच्या भेवानं म्या मुकी बसू?"

"पुष्पे!"

"त्याची काठी माह्या हाताच्या आधी पडते नं? काहून? माहा डावा हात आळशी आहे म्हनून. थ्या जागेवर म्या डावा बसवीन. मंग पाहू थो काठी कुठं टेकवते!"

डोमाजींनी ताट बाजूला सारलं. मग शेवंताबाई म्हणाली, "भात निवून राह्यला. जेवू द्या तिले. हाताले ताकद लागते."

त्यानंतर पोरीनं उजवा हात ओढणीनं बांधून नुसता डावा घोटला. रबर फाटलं, मी माझ्या मालकांच्या सायकलची जुनी ट्यूब दिली. मास्तर म्हणाले, "आता हात आलटून पालटून टाक. एकदा डावा आधी, एकदा उजवा. सामनेवाल्याले समजलं नाई पाहिजे." सामनेवाला कोण, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

जयंतीच्या दिवशी मिरवणूक निघाली. पुढे निळा झेंडा, मग पुष्पलता, पांढरा कुर्ता, गळ्यात ड्रम. मी तिच्या बाजूनंच चालत होते. हवेली आली तसा अत्तराचा वास आला. आणि कुलूपबंद दारामागून... टक्.

मागे सगळ्यांची पावलं आपसूक मंदावली. समोरच्या ओट्यावरचा म्हातारा मोतीलाल सुतार उठून उभा राहिला, चपला काढू लागला. त्याचं तोंड पाहून कळत होतं, त्यालाही उठायचं नव्हतं. माझेही पाय जड झाले. पुष्पलतेचा ठोका काठीमागे पडला. पुन्हा पडला. तिच्या कपाळावरचा घाम हनुवटीवरून ड्रमवर टपटपत होता.

"डावा!" मागून डोमाजी ओरडले. अख्ख्या जन्मात त्या दारासमोर त्या माणसाचा आवाज चढला नव्हता. "डावा हात, बाई!"

तिनं डावा टाकला. काठीच्याही आधी. मग उजवा आधी, मग डावा, फ्लॅमवर फ्लॅम. दारामागची काठी घाईला आली, चुकली, अडखळली. आणि दगडी फरशीवर लाकूड पडून गडगडत गेल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. ठोक्यांच्या मधलं तारांचं झिर्र थांबलं. मोतीलाल आपल्या चपलांकडे पाहत खाली बसला. आम्ही त्या दारासमोरून गेलो, आणि जाताना पोरीनं चाल मुद्दाम संथ केली.

आता ती गोंदियाला असते, तिथल्या पोरींना शिकवते. मास्तरांनी तिलाच देऊन टाकलेला हा जुना ड्रम तिनं माझ्याकडे ठेवलाय. तारा ढिल्या करून ठेवल्यात, तरी उन्हाळ्यात भर दुपारी कधी झिर्र करतात. मी उठून पळीनं एक ठोका हाणते, की गप्प होतात.

परवाही हाणला. ट-डम् वाजलं. पळी उजव्या हातात, आणि माझ्या डाव्या हातात विरजणाची वाटी होती.

वाटी मी खाली ठेवली, आणि दुसरी पळी शोधली. या वयात डावा हात लवकर वळत नाही. पण म्या वळवून राह्यली.