पॉलिनबायची मात्रा

या, जवळ सरका, मागच्यांनाही बसायला जागा द्या. आज पेटी-तबला नाही. एका कागदाची गोष्ट सांगतो. चोर कोण, ते तो कागदच सांगेल. तुम्ही फक्त कान इकडे द्या.

गिरीजच्या पॉलिनबाय वीस वर्षं चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनाविधीत, बायबलचं पहिलं वाचन करायच्या. गेले दोन रविवार मात्र त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांच्या आधारकार्डावर कुणीतरी सिम घेतलं होतं. त्या सिमवरून लोकांना फसवलं होतं, आणि पोलिसांची नोटीस पॉलिनबायच्या दारात आली होती.

"अख्खा गाव मला चोर म्हणतोय, विनिता बाय," त्या म्हणाल्या. "आता कुठल्या तोंडाने वाचन करू?"

विनिता विरारची खाजगी गुप्तहेर. सोबत तिचे श्रीरंगकाका, निवृत्त पोस्टमास्तर. कीर्तनात पेटी अशी वाजवत की बुवाही थांबून ऐकत, पण रहस्याचा ताल त्यांना नेहमी एक मात्रा उशिरा कळे.

सिमच्या अर्जाला जोडलेली आधारची झेरॉक्स नोटिशीसोबत आली होती; ती काकांनी उजेडात धरली. कार्डाच्या खालच्या कडेला एक तिरकी रेघ होती आणि थोडं पुढे एक बारीक कमान. बाकी कागद कोरा.

"झेरॉक्सच्या काचेवरची घाण," काका म्हणाले.

"झेरॉक्स कुणाकुणाला दिल्या होत्या?" विनिताने विचारलं.

"तिघांना. नातीने शिकवलंय, कार्डाला चिकटून कामाचं नाव लिहायचं. सिलिंडरवाल्या फ्लॉईडला 'गॅससाठी', विमा एजंट ब्रिटनीला 'विम्यासाठी', यात्रा काढणाऱ्या स्टॅनीला 'यात्रेसाठी'. दुसरं अक्षर नाही."

तिघांना पडवीत बोलावलं.

"माझा कागद ऑफिसच्या फाइलला," फ्लॉईड म्हणाला. "सिलिंडर उचलू की चोऱ्या करू?"

"माझा बॅगेतच आहे," ब्रिटनी म्हणाली. "पण झेरॉक्सची झेरॉक्स कुणीही काढेल, नाही का?"

"मी तर यात्रा झाल्याबरोबर फाडला," स्टॅनी म्हणाला. बाप्तिस्म्याला त्याला पॉलिनबायनीच हातात धरलं होतं. "बाय, तुझी शपथ!"

"तिघंही खरंच बोलतायत," काका कुजबुजले.

"काका, पाटी घ्या. तिन्ही शब्द लिहा. आता शिरोरेषेपासून खालचं सगळं पट्टीने झाका."

काकांनी झाकलं. 'गॅससाठी'वर अर्धचंद्र आणि कमान उरली. 'विम्यासाठी'वर दोन कमानी. 'यात्रेसाठी'वर एक तिरकी रेघ आणि एक कमान.

काकांनी झेरॉक्स पाटीशेजारी धरली. तीच रेघ, तीच कमान.

"लिहिलेलं लपवायला कुणीतरी पांढरी पट्टी ठेवून पुन्हा झेरॉक्स काढली," विनिता म्हणाली. "पण बाय कार्डाला चिकटून लिहितात. पट्टी आणखी वर सरकवली असती, तर कार्डच झाकलं असतं. म्हणून 'त्रे'ची मात्रा आणि 'ठी'ची वेलांटी वर राहून गेली. स्टॅनी, कागद तू फाडलास, पण आधी त्याची नक्कल काढलीस."

स्टॅनीची मान खाली गेली. "बसवाला म्हणाला, सिम काढायला सहा जणांचे कागद दे, भाडं कमी करतो. म्हटलं, म्हाताऱ्यांना स्वस्तात जाता येईल. त्या सिमचं तो पुढे काय करणार, मला ठाऊक नव्हतं, बाय."

"मग माझी अक्षरं कशाला झाकलीस, बाळा?" पॉलिनबायनी हळूच विचारलं.



बायनी डोळे पुसले, चप्पल घातली आणि स्टॅनीचं मनगट धरलं. "चल पोलिसांत. मी संगती येते. पण बोलायचं तू. आणि बाकीच्या पाच जणांच्या घरीही तूच जाऊन सांगायचं."

पुढच्या रविवारी पॉलिनबाय वाचनाला उभ्या राहिल्या. शेवटच्या बाकावर स्टॅनी होता. त्याच्या शेजारी श्रीरंगकाका, पहिल्यांदाच मिस्सेला आलेले. तो स्वच्छ आवाज ऐकताना त्यांची मान आपसूक डोलत होती, जशी बुवांच्या निरूपणाला डोलते.

तेव्हा माझ्या माणसांनो, उद्या झेरॉक्स काढाल, तिच्यावर कामाचं नाव लिहाल, तेव्हा मात्रा जरा उंच द्या, आणि गिरीजच्या पॉलिनबायची आठवण ठेवा.