अक्काताईंची श्वासपट्टी

तातडीच्या विभागात आता नातेवाइकांना कोणी फारसं विचारत नसे. रोग्याच्या छातीवरची श्वासपट्टी महिनोन् महिने त्याचा श्वास नोंदवायची, आणि खाटेजवळचं यंत्र त्यावरून मास्कमधून किती प्राणवायू सोडायचा ते ठरवायचं. अक्काताई धापा टाकत आल्या तेव्हा डॉ. नसीम जमादार यांनी त्यांची पट्टी यंत्राला जोडली आणि त्यांच्या नवऱ्याला, दत्तोबांना, धीर दिला, की आजींना ही आमच्यापेक्षा जास्त ओळखते.

पण गणपतीपासून ती पट्टी दत्तोबांच्याच छातीवर होती.

चुलीच्या धुरानं आणि मागावरच्या कापसाच्या तुसानं अक्काताईंची फुप्फुसं कधीच खराब झाली होती. त्या चुलीपाशी बसल्या की पट्टी कोकलायची, लगेच पुण्याहून लेकीचा फोन, आणि चूल बंद. गौरीच्या पुरणपोळ्यांच्या दिवशी त्यांनी ती काढून नवऱ्याला लावली. मग दिवाळीचा फराळही झाला. आज रिक्षात दत्तोबांनी ती घाईघाईनं परत अक्काताईंच्या छातीला चिकटवली होती. लेक काय म्हणेल, या धास्तीनं ते गप्प होते. लाजायची ही वेळ नव्हे, एवढंही कळू नये माणसाला!

यंत्राला फुप्फुसं धडधाकट वाटली. त्यानं प्राणवायू भरपूर सोडला. हळूहळू अक्काताईंची धाप उतरली, डोळे मिटू लागले. आराम पडला, असं नर्स म्हणाली. दत्तोबांनी हाक मारली, पुन्हा मारली. साधा हुंकार आला नाही.

"बाई, ती पट्टी हिचीच हाय," ते कसेबसे म्हणाले, "पर लावली हुती मी."

डॉ. जमादारांनी यंत्र बंद केलं, प्राणवायू स्वतःच्या हातानं कमी केला, दाबानं हवा देणारा मास्क बांधला. या जुनाट आजारात प्राणवायू जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातं, हे त्यांनी काम करता करता सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दत्तोबांना बरं वाटलं असतं.

गुंगी उतरेना. आता घशात नळी घालायची का, हे ठरवायचं होतं. हिंडतं-फिरतं माणूस त्या नळीतून सुटतं, आधीच खंगलेलं बहुधा सुटत नाही.

"आजोबा, आता तुम्हीच सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्यात आजी कशा होत्या?"

अक्का माडीवर येत नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली होती. रात्री उठून बसायची; झोप लागत नाही म्हणाली होती. त्यांनी खोदून विचारलं नव्हतं. रोज आंघोळीला बसताना पट्टीवरचा हिरवा दिवा दिसायचा, आणि अक्का बरी आहे म्हणून त्यांचा जीव निवांत व्हायचा.

स्वतःच्या श्वासावरून बायकोची खुशाली ओळखणाऱ्या माणसानं आता काय सांगावं?