देवाला नेतोय म्हणावं

दसऱ्याच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या नोव्हाय गावी यशोधनच्या घराची बेल वाजली. त्याने दार उघडलं, तर शेजारच्या मिसेस कोवाल्स्की. हॅलोवीनसाठी त्यांनी आपल्या पायऱ्यांवर भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या, त्यातलीच एक हातात. कुंडीत पानं होती, फूल मात्र औषधालाही नव्हतं. बाई भांडायला आल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, सकाळी ती गंमतशीर टोपी घालून फिरतात, ते तुमच्याकडचेच का?

आत देवघराला पिवळाधमक हार लटकत होता. बाईंना तो दिसू नये म्हणून यशोधनने दार पाठीमागे ओढून घेतलं. सॉरी म्हणाला, पुन्हा म्हणाला. वडील आहेत, व्हिजिटिंग आहेत, लवकरच परत जातील, असं सांगून मोकळा झाला. परत कधी जाणार हे बाईंनी विचारलंच नव्हतं.

दिगंबरराव कराडच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले होते. बायको गेल्यावर मुलाने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला आणलं. जन्मभर पहाटे उठून लोकांच्या कुंपणावरची फुलं आणणारा माणूस. आता त्यात चोरी ती कसली? आपल्याकडे कुंपणाबाहेर डोकावलेलं फूल देवाचंच असतं. घरमालकीण खिडकीतून ओरडली, तरी 'देवाला नेतोय' म्हटलं की गप्प बसते. छत्रीच्या मुठीने फांदी वाकवायची, अंगठ्याच्या नखाने देठ खुडायचं आणि निघताना झाडाला हात लावून कपाळाला लावायचा, ही त्यांची रीत. फक्त इथे खिडकीतून कोणी ओरडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

यशोधनने त्या रात्री त्यांना बरंच ऐकवलं. इथे लोक पोलिसांना फोन करतात, आता ड्राइव्हवेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, तुमच्यामुळे मला मान खाली घालावी लागते, वगैरे. त्याची बायको सुनेत्रा मध्ये पडली, पण त्याची गाडी काही थांबेना. दिगंबररावांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "देवाला नेली म्हणून सांगितलंस ना त्यांना?"

यशोधनने तोवर लॅपटॉप उघडला होता. ते "बरं" म्हणाले आणि छत्री जिन्याखालच्या कपाटात ठेवून आले.

पुढच्या आठवड्यात तो चीनला निघाला, तेव्हा बॅग भरताना ते दाराशी येऊन उभे राहिले. तिकडे समुद्र आहे, हवा गरम असेल, म्हणजे जास्वंद असणारच, असा त्यांनी हिशेब मांडला होता. "इथे आल्यापासून गणपतीला लाल फूल नाही रे," म्हणाले. कस्टम्समधून फुलं आणू देत नाहीत बाबा, असं चेन ओढता ओढता यशोधन म्हणाला. वर पाहिलं तेव्हा दाराशी कोणी नव्हतं.

तिथे श्यामेन शहरात त्याच्या कंपनीच्या मोटारींच्या डॅशबोर्डचे साचे तयार झाले होते. ते तपासून पास करायचे, एवढंच काम. बरोबर त्याचा बॉस ग्लेन. हा ग्लेन मनाने बरा माणूस, यशोधनला 'यॅश' म्हणायचा, आणि यंदा मॅनेजर कोणाला करायचं ते त्याच्या हातात होतं. त्यामुळे आठवडाभर यशोधन त्याच्यासारखं बोलत होता, त्याच्यासारखं हसत होता. काट्या-चमच्याने भातसुद्धा त्याच्यासारखाच खात होता. साचे पास झाले त्या संध्याकाळी सप्लायरकडची मिस लिन दोघांना समुद्रावर फिरायला घेऊन गेली. नंतर जेवण होतं.

समुद्रालगत रुंद फरसबंद रस्ता होता. एका बाजूला कठडा आणि खाली वाळू, दुसऱ्या बाजूला हिरवं कुंपण. ऊन नुकतंच गेलं होतं, पण फरशा अजून गरम होत्या. वाळूत नवऱ्यामुली पांढरे झगे गोळा करून फोटोसाठी उभ्या होत्या, झग्याखाली पायात रबरी चपला. म्हातारी माणसं टाळ्या वाजवत उलट्या पावलांनी चालत होती. व्यायाम असतो तो, असं मिस लिनने सांगितलं. समोर धुक्यात बेटं दिसत होती. ती तैवानच्या ताब्यात आहेत, हे सांगताना तिने आवाज थोडा खाली आणला. कुठेतरी मासे भाजत होते. यशोधनला फार बरं वाटत होतं. आपल्याला इथे कोणी ओळखत नाही, हे त्यातलं मोठं सुख.

हिरवं कुंपण जास्वंदीचं आहे हे त्याला जरा उशिरा कळलं. लाल फुलं होती, संध्याकाळ झाल्यामुळे मिटायला लागलेली. वडिलांची आठवण झाली आणि त्याने ती बाजूला सारली.

थोडं पुढे कुंपणापाशी एक म्हातारा पाठमोरा उभा होता. अंगात स्वेटर. या उकाड्यात स्वेटर, म्हणून ग्लेन हसला. त्याला हसू आलं, म्हणून यशोधनही हसला. मग त्याला म्हाताऱ्याच्या डोक्यावरची माकडटोपी दिसली. चीनमध्येही घालतात वाटतं, असं तो मनाशी म्हणाला. जगात म्हातारी माणसं सगळीकडे सारखीच.

म्हाताऱ्याने छत्री उलटी धरली आणि मुठीने फांदी खाली ओढली.

यशोधन मागे रेंगाळला. ग्लेन आणि मिस लिन बोलत पुढे चालले होते, त्यांच्याबरोबर त्यालाही जावंच लागलं. म्हाताऱ्याने अंगठ्याच्या नखाने फूल खुडलं आणि मनगटाला अडकवलेल्या पिशवीत टाकलं. पिशवी नोव्हायच्या इंडियन ग्रोसरीची होती. तपकिरी माकडटोपीला मागे भोक पडलं होतं आणि ते हिरव्या लोकरीने रफू केलेलं होतं. तपकिरी लोकर घरात नव्हती म्हणून सुनेत्राने गेल्याच महिन्यात हिरवीने केलं होतं.

इथे सहा वाजले होते, म्हणजे नोव्हायमध्ये पहाटेचे सहा. बाबा या वेळी उठलेले असतात. अंधार असतो, गवतावर हिव पडलेलं असतं. यशोधनच्या डोक्यात हे सगळं अगदी नीट, एकामागून एक आलं. त्यातून बाहेर काय पडतं, ते काही त्याला कळेना.

शिट्टी वाजली. गणवेशातला रखवालदार आला आणि म्हाताऱ्यावर ओरडायला लागला. फिरणारी माणसं थांबली. एका नवरीने झगा खाली सोडला आणि कठड्यावरून वाकून पाहिलं. रखवालदाराने पिशवी हिसकावली, तशी दोन फुलं फरशीवर पडली.

म्हातारा वळला. टोपीतून बाबांचा चेहरा बाहेर आला. घाबरलेला नव्हता, फक्त गोंधळला होता. ते या माणसाकडे, त्या माणसाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांची नजर यशोधनवर थांबली. चेहरा एकदम उजळला.

"यशा, सांग रे यांना," ते म्हणाले. "देवाला नेतोय म्हणावं."

रखवालदाराने बोटाने यशोधनकडे दाखवून काहीतरी विचारलं. हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का, असं मिस लिनने भाषांतर केलं. ग्लेन त्याच्याकडे पाहत होता. सगळेच पाहत होते.

एक वाक्य बोलायचं होतं. मराठीत, इंग्रजीत, कसंही.

"नाही," यशोधन इंग्रजीत म्हणाला. "कधी पाहिलंही नाही."

बाबांना इंग्रजी कळत होतं. ते त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहत राहिले, पत्ता चुकलेला माणूस दारावरची पाटी पुन्हा वाचतो तसे. मग ओशाळून हसले.

"माफ करा हं," ते म्हणाले. "मला आमचा मुलगा वाटला."

खाली पडलेल्या फुलांतलं एक त्यांनी उचललं, झाडाला हात लावून कपाळाला लावला आणि उलट्या पावलांनी चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यातून निघून गेले. घोळका पांगला तेव्हा रस्ता मोकळा होता.

ग्लेनने खांदे उडवले. यशोधन कठड्याला धरून उभा राहिला. आपल्याला भास झाला, असं तो स्वतःला समजावत होता, आणि भास होता तर मग एवढी लाज कसली वाटतेय, हे काही केल्या समजावता येत नव्हतं. भासातल्या बापालासुद्धा आपण ओळखलं नाही! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यावरचे दिवे लागले, मिस लिनने हाक मारली, पुन्हा मारली, तरी त्याचा पाय निघेना.

हॉटेलवर गेल्या गेल्या त्याने घरी फोन लावला. बाबा कुठे आहेत, म्हणून ओरडलाच. अरे, कुठे असणार, पूजेला बसलेत, असं सुनेत्रा म्हणाली. पहाटे कोणाला न सांगता छत्री घेऊन बाहेर पडले होते, पण आले परत. तो पलंगावर टेकला. बाबांना फोन दे म्हणाला, तर ते पूजेतून उठेनात.

शनिवारी तो घरी पोचला. दार दिगंबररावांनीच उघडलं.

"या, या," ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी हाक दिली, "सुनेत्रा, कोणीतरी आलंय गं."

सगळे हसले. लेक आन्या तर टाळ्या पिटून म्हणाली, "आजोबा, यू आर सो फनी!" दिगंबररावही तिच्याबरोबर हसले, पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आले आणि प्रवास कसा झाला ते विचारून शेजारी बसले. मग हळूहळू हसणं थांबलं.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. दिगंबररावांना बायकोची तिथी आठवत होती, आन्याच्या स्कूलबसची वेळ आठवत होती, कराडचे जुने विद्यार्थी नावानिशी आठवत होते. मुलगा आहे, यशोधन नाव, चीनला गेलाय, दिवाळीच्या आत येईल, असं त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं. यशोधन तिथेच बसला होता.

दिवाळी जवळ आली तसा यशोधनला धीर धरवेना. एका संध्याकाळी त्याने बाबांना स्वेटर घातला, टोपी घातली, छत्री हातात दिली आणि हात धरून मिसेस कोवाल्स्कींच्या दारात नेलं. बाई बाहेर आल्यावर तो मोठ्याने म्हणाला, हे माझे वडील. तुमची फुलं यांनी देवासाठी नेली होती. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, मला लाज वाटली.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमचा मुलगा गुणी आहे.

दिगंबररावांनी मान हलवली. शाळामास्तरच्या सावकाश इंग्रजीत त्यांनी बाईंचा गैरसमज दूर केला. गृहस्थ फार चांगले आहेत, पण यांना मी ओळखत नाही.

परत येताना अंधार पडायला लागला होता. यशोधन रडत होता, आता लपवतही नव्हता. दिगंबररावांना परक्या माणसाचं रडणं पाहवेना. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "आमचा यशा आला की त्याला सांगेन, तुम्ही माझं किती केलंत."

"बाबा, मी आलोय. मीच आहे."

"नाही हो." ते फार मायेने म्हणाले. "मी पाहिलाय ना त्याला. अजून तिथेच उभा आहे, कठडा धरून. दिवे लागले, ती मुलगी दोनदा हाक मारून गेली, तरी पोर जागचं हललं नाही."

घरात शिरल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि दिवा लावायला देवघरात गेले. यशोधन दारातच थांबला. जास्वंद एका दिवसात मिटते. त्या पहाटेपासून गणपतीच्या पायाशी ठेवलेलं लाल फूल अजून पूर्ण उमललेलं होतं.