चुकीच्या बाजूचा उतार

साक्री रोडच्या पंपावर जेसीबी डिझेलच्या रांगेत उभा होता आणि एक उंच, किडकिडीत माणूस ऑपरेटर झिपरूभाऊंना विचारत होता, "घराचा पाया खोदायचाय. मालक कुठे भेटतील?"

"मालक नई, मालकीन शे," झिपरूभाऊ म्हणाले. "ती तठे उभी शे."

तो वळला. सावलीत, डोक्याला ओढणी गुंडाळून उसाचा रस पिणारी सुलक्षणा त्याच्याकडेच बघत होती. तो इतका गोंधळला की त्याने आधी नमस्कार केला आणि मग चष्मा सावरला.

"बोला," ती म्हणाली. हसू तिने कसंबसं आवरलं.

त्याचं नाव प्रेमराज. साक्रीच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. देवपूरच्या पुढे नव्या वसाहतीत त्याने प्लॉट घेतला होता. आतापर्यंत ज्या ज्या ठेकेदाराला फोन केला, त्याने प्लॉट न बघताच भाव सांगितला होता.

"मी न बघता सांगत नाही," सुलक्षणा म्हणाली. "काळी माती किती खोल आहे, पाणी कुठून येतं, खोदलेली माती टाकायची कुठे... काहीच माहीत नसताना काय सांगू?"

"मग चला."

"आत्ता?"

"तुमचा विचार बदलायच्या आत."

वडील, पितांबर नाना, पाठदुखीने घरी बसल्यापासून धंदा तीच बघत होती. गिऱ्हाईक कसं ओळखायचं हे तिला कळत होतं. हा माणूस मात्र प्लॉटपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता – आणि तिला त्याचा राग येत नव्हता.

काम सुरू झालं. काळी माती काढायची, मुरूम भरायचा, कॉलमचे खड्डे घ्यायचे, मग भोवतालची जागा सपाट करून पाण्याला उतार द्यायचा. झिपरूभाऊंनी एकट्याने केलं असतं. तरी ती रोज सकाळी तिथे हजर. आणि कॉलेजला जाण्याआधी प्रेमराजही, हातात चहाचा थर्मास घेऊन. कप मात्र एकच असायचा. तो तिला द्यायचा आणि स्वतः थर्मासच्या झाकणातून प्यायचा.

"दुसरा कप आणत का नाही?"

"आणला तर चहा लवकर संपेल," तो म्हणायचा. यात काय तर्क होता ते तिने कधी विचारलं नाही.

"ताई, आज बी आठेच?" तिला पुन्हा प्लॉटवर बघून झिपरूभाऊ विचारायचे.

"काम महत्त्वाचं आहे, भाऊ."

"हा. काम," म्हणत ते दुसरीकडे बघायचे.

आणि मग एका सकाळी पांढऱ्या गाडीतून प्रियल उतरली.

जळगावची आर्किटेक्ट. घराचा नकाशा तिनेच काढला होता. पांढरा कुर्ता, आणि त्यावर धुळीचा एक कण नाही. "प्रेम, किती वाळलास तू," असं म्हणत तिने सहज त्याच्या खांद्यावरचा मुरूम झटकला.

प्रेम. सगळं गाव ज्याला सर म्हणत होतं, त्याला ही 'प्रेम' म्हणत होती. सुलक्षणाने स्वतःकडे पाहिलं... बुटांना चिखल, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला.

नकाशाचं एक टोक प्रियलने धरलं, दुसरं त्याने. दोघांची डोकी जवळ आली. सुलक्षणाने झिपरूभाऊंना हात केला. जेसीबी धडधडत सुरू झाला. प्रियल बोलायची थांबली, की सुलक्षणा मशीन थांबवायला सांगायची. प्रियलने तोंड उघडलं, की पुन्हा सुरू. झिपरूभाऊ मान खाली घालून मिशीत हसत होते.

शेवटी प्रियलच तिच्याजवळ आली. "उतार मागे नाल्याकडे द्याल ना?"

सुलक्षणा तोच देणार होती. पहिल्याच दिवशी तिने ते ठरवलं होतं. पण त्या क्षणी तिच्या तोंडून आलं, "नाही. पुढे, रस्त्याकडे."

"पण रस्ता..."

"रोजचं काम आहे माझं."

प्रियलने प्रेमराजकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. "सुलक्षणा म्हणतील तसं," तो म्हणाला.

तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढे रोज सकाळी त्याच्या बोलण्यात 'प्रियल म्हणते' यायचं. प्रियल म्हणते खिडकी मोठी हवी, प्रियल म्हणते जिना आतून. तिचा कप अर्धा भरलेलाच परत जायचा. उतार मात्र रस्त्याकडेच गेला.

एप्रिलच्या एका दुपारी अवकाळी कोसळला. नरडाण्याच्या कामावर असताना तिला झिपरूभाऊंचा फोन आला. "ताई, पानी बठ्ठं पायामा भराई गयं."

ती पोहोचली तेव्हा पाऊस थांबला होता. नवा काँक्रीटचा रस्ता प्लॉटपेक्षा उंच होता. पाणी रस्त्यापर्यंत जाऊन अडलं, तिथून मागे फिरलं आणि कॉलमच्या खड्ड्यांत शिरलं. दोन खड्ड्यांच्या कडा ढासळल्या होत्या. काठावर प्रेमराज उभा होता, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली.

"पंप लावते," ती म्हणाली. "सगळं नव्याने करून देते. माझ्या खर्चाने."

"घाई नाही."

"आहे. कारण मला माहीत होतं." तिचा आवाज चिरका झाला. "उतार मागेच द्यायला हवा, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, म्हणून मी दिला नाही."

"ती... प्रियल?"

"ती तुम्हाला प्रेम म्हणते."

"कॉलेजात असताना मी तिला विचारलं होतं," तो म्हणाला. "ती नाही म्हणाली. तेव्हा खूप लागलं होतं. आता नाही लागत. आता ती फक्त खिडक्यांबद्दल बोलते आणि मी फक्त हो म्हणतो."

म्हणजे विचारलं होतं तर. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असंही सुलक्षणाला वाटलं... आणि तो खोटं बोलला नाही म्हणून बरंही वाटलं.

"आणि रस्ता उंच आहे हे मलाही दिसत होतं," तो हळूच म्हणाला. "भूगोल शिकवतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"उतार बरोबर झाला असता, तर तुमचं काम संपलं असतं. सकाळी चहा कुणासाठी आणला असता?"

तिने वाकून ओंजळभर गढूळ पाणी त्याच्या शर्टावर उडवलं. तो हलला नाही. चष्म्यावरून थेंब ओघळत होते आणि तो हसत होता.

पाणी उपसलं गेलं, खड्डे पुन्हा घेतले, उतार मागे नाल्याकडे वळला. प्रियल पाहायला आली तेव्हा सुलक्षणा स्वतःहून पुढे गेली. "तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं.

प्रियलने बॉनेटवर नकाशा पसरला. "प्रेम, गेट किती रुंद काढू?"

"जेसीबी आत येईल एवढं."

"घराच्या आवारात जेसीबी कशाला?"

प्रेमराज सुलक्षणाकडे बघत होता. कान लाल झाले होते त्याचे. "मालकीण इथे राहायला आली, तर तिचं मशीन रस्त्यावर कशाला उभं राहील?... म्हणजे, ती हो म्हणाली तर."

प्रियलची पेन्सिल थांबली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पेन्सिल सुलक्षणाच्या हातात दिली.

सुलक्षणा नकाशावर वाकली. प्रियलने आखलेल्या गेटवर तिने काट मारली आणि शेजारी दुसरं काढलं, जवळजवळ दुप्पट.

"एवढं मोठं?" प्रेमराजने विचारलं.

"दोन जेसीबी आहेत माझ्याकडे," ती म्हणाली.