माळावरची धोतरं

हदगावच्या पलीकडं, माळाला लागून सिंधुबाईचं घर. कुरडया घालायचे दिवस. सून वर्षाराणी पांढरी धोतरं काखेत मारून माळावर निघाली, तसं सिंधुबाईनं दरसालचंच बजावलं, दोन धोतरं उभी-आडवी टाकू नको बाई.

त्याचं कारण होतं. निजामाच्या काळात या माळावर टपालाचं विमान उतरायचं, असं जुनी माणसं सांगत. गावानं धोतरांची फुली मांडायची, वैमानिकानं ती बघून उतरायचं, थैली द्यायची, थैली न्यायची. एका दुपारी वावटळीनं फुली उडवली. वैमानिक वर घिरट्या घालत राहिला... घालत राहिला... मग आवाज विरला. विमान पडलेलं कुणाला घावलं न्हाई.

वर्षाराणी हाव म्हणली. पण तिचा नवरा भुजंग मस्कतला, अन् सतरा दिवस झाले, त्याचा फोन न्हाई. जगलाय का मेलाय, कळंना. टपाल आणणारा माणूस, आणला तर आणंल निरोप, असं तिच्या मनानं घेतलं. भर बाराला तिनं फुली मांडली.

वारा पडला. जुन्या विमानांच्या इंजिनात जळायचं तसल्या एरंडेलाचा वास सुटला. वर घरघर सुरू झाली, आभाळ मात्र कोरं. तेवढ्यात मोबाइल वाजला. भुजंगचाच नंबर.

"वर्षे, विमानात हाय मी. बारकं हाय, उघडं... थैल्यांवर बसवलंय. तू दिसून राहिलीस खाली."

"चालवतंय कोण?"

"त्यो मागं वळून बघंना..."

घरघर ऐकून सिंधुबाई पळत आली. पोराचा आवाज तिनंही ऐकला. तोंडाला पदर लावला, अन् हळूच म्हणली, "उचल ते. असं आलेलं माणूस घरात घ्यायचं नस्तं."

वर्षाराणीला धोतर ठेवावं तर भ्या, उचलावं तर नवरा जायचा. सासूनं हात धरला, तसं तिनं वरचं धोतर ओढलं. घरघर वर चढली, लांब गेली.

महिन्यानं भुजंग एसटीनं उतरला. धडधाकट. दवाखान्यात पडून होतो म्हणला, मोबाइल त्याच्या आधीच समुद्रात पडला. सिंधुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, घर हसलं.

आता रोज दुपारी तो समोर बसून जेवतो. अन् बाराला वर्षाराणीचा फोन वाजतो. नंबर तोच, आवाज तोच, फक्त दमलेला.

"धोतर टाक गं... तेल संपत आलंय. अन् माझ्या ताटावर कोण बसलंय?"