फौजदारांचे फुटके पंच

"मी पकडलेला एकही चोर कोर्टात टिकत नाही. उद्याची केस पडली, तर माझी वर्दी उतरलीच समजा!"

नळदुर्गचे फौजदार अण्णाराव खुर्चीत टेकायलाही तयार नव्हते. साल १९५८. हमरस्त्यावर उभ्या ट्रकांतलं कापड चोरीला जायचं, अण्णाराव चोराला मालासकट पकडायचे आणि तो तुळजापूरच्या कोर्टातून सुटायचा. फौजदार पैसे खातो, असं लोक उघड बोलू लागले होते.

खासगी तपास करणारे जलीलमियाँ उस्मानाबादेतल्या आपल्या खोलीत पान लावत ऐकत होते. त्यांचे मित्र रेवणसिद्ध वकील मात्र कधीच पुढे सरकून बसले होते.

"सुटतात कसे?" जलीलमियाँनी विचारलं.

"पंच फुटतात. आधी धाबेवाला गुंडाप्पा, मग शेतकरी कोंडीराम. जप्तीला दोघं हजर. कोर्टात मात्र म्हणाले, 'माझ्या समक्ष काही जप्त झालं नाही.'"

"दोघंही? याच शब्दांत?"

"अक्षर न् अक्षर!"

पान तसंच राहिलं. जलीलमियाँ उठलेच.

वाटेत तुळजापूरला धुरपदाबाईंची खानावळ लागली. कोर्टाला आलेले पंच तिथंच जेवत.

"माझ्या रूबरू कुणी कुणाला दम दिला न्हाय," बाई ठसक्यात म्हणाल्या.

नळदुर्गच्या चौकीत जमादार बाबामियाँ म्हणाले, "समन्स म्या रूबरू देतो. आमच्या फौजदारांच्या पंचांना, तसंच चौकीतल्या दुसऱ्या फौजदारांच्याबी."

"त्यांचे पंच फुटतात?"

"न्हाय जी."

शेवटी अण्णारावांचे पंचनामे लिहिणारा रायटर बिभीषण आला. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तो नगरकडून बदलून आला होता. "पंचांशी माझा संबंध पंचनाम्यापुरता, तोही साहेबांच्या समक्ष. सुट्टी मिळाली की मी सोलापूरला साडूकडं जातो."

रेवणसिद्ध कुजबुजले, "समन्स देणारा जमादारच!"

 जलीलमियाँनी उद्याचा पंच, पंक्चरवाला रसूल, याला सगळ्यांसमोर बोलावलं.

"उद्या काय सांगणार?"

"माझ्या समक्ष काही जप्त झालं नाही," रसूल घडाघडा बोलला.

"समक्ष म्हणजे काय रे?"

रसूल गडबडला. "मालूम न्हाय, साहेब."

"वकीलसाहेब," जलीलमियाँ म्हणाले, "जमादार दोन्ही फौजदारांचे समन्स वाटतो, पण पंच फुटतात ते एकाचेच. आणि निजामाच्या अमलात वाढलेले आपण सगळे त्याला 'रूबरू' म्हणतो. 'समक्ष' इथं एकाच्याच तोंडी आहे."

"पण पंचनाम्यात तो शब्द असेल की!"

"पंचनामा मी सांगतो," अण्णाराव ओरडले. "मीही 'रूबरू'च सांगतो!"

बिभीषण दाराकडं सरकला, पण दारात बाबामियाँ उभे होते.

"साडू कसला धंदा करतो?" जलीलमियाँनी विचारलं.

"कापडाचा," बिभीषण पुटपुटला.

"चोरीच्या कापडाचा! चोराला शिक्षा होऊ लागली, तर तो साडूचं नाव घेणार. म्हणून तू पंच पढवलेस."

रसूलला रडू फुटलं. "खरं न्हाय सांगितलं तर बरं, न्हायतर तुलाच चोर म्हणून आत घालतो, म्हणले हे!"

बिभीषणनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी रसूलनं डोळ्यांनी पाहिलं ते सगळं सांगितलं. निकालाला रेवणसिद्ध मुद्दाम गेले. 'दोषी' हा शब्द ऐकताच अण्णारावांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. रेवणसिद्धांनी भर कोर्टात टाळ्या पिटल्या. न्यायाधीशांनी डोळे वटारले, तेव्हा कुठं ते खाली बसले.